इरबामामांची पुढची सीट

“मागं बसा सर, म्होरं जागा न्हाई.”

मी वाकून पाहिलं. पुढची डावी सीट रिकामी होती. अगदीच रिकामी म्हणता येणार नाही. तिच्यावर एका तपकिरी शालीची नीट घडी होती आणि घडीवरून सीटबेल्ट लावलेला होता. नांदेडातला मे महिना, मंगळवार, दुपारचे साडेचार. उत्तरपत्रिका तपासून माझं डोकं आधीच उकळलेलं. कॉलेजच्या फाटकाशी शेजारचे इरबामामा गाडी घेऊन भेटले, घरापर्यंतची सोय झाली, या आनंदात मी मागचं दार उघडून आत बसलो आणि बसताक्षणी ओरडलो. गाडीतला हीटर चालू होता. पूर्ण.

“मामा, चुकून हीटर लागलाय!”

“चुकून कामून लागंल? म्याच लावलाय.”

मामांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. गळ्यातल्या टॉवेलने त्यांनी तो टिपला, मान जराशी डावीकडे झुकवली आणि त्या रिकाम्या सीटला अगदी हळू आवाजात विचारलं, “ऊब लागायली का?”

डॅशबोर्डच्या आतून आवाज आला, ‘घुटुक’. कुणीतरी पाण्याचा घोट गिळावा तसा.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. भुताखेतांवर हसणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तरीही त्रेचाळीस डिग्रीत, हीटरसमोर बसून, माझ्या दोन्ही हातांवर सरसरून काटा आला. उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

इरबामामांना सगळं नांदेड ओळखतं असं नाही, पण नांदेडातल्या बऱ्याच गाड्यांना ते आतून ओळखतात. चाळीस वर्षं त्यांनी रेडिएटर झाळण्याचं, म्हणजे गळकी भोकं डाग देऊन बुजवण्याचं, दुकान चालवलं. आता गुडघे बसू देत नाहीत म्हणून दुकान बंद, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येतात. आमची गल्ली मुदखेड रस्त्याच्या बाजूला. लातूरहून बदली होऊन मी इथे आलो तेव्हा सामान उतरवतानाच मामा भिंतीपलीकडून डोकावले. माणूस नवा शेजारी आला की नाव-गाव विचारतो. मामांनी विचारलं, “हीटर चालतो का?”

मला वाटलं, पाणी तापवायचा हीटर. “आमच्याकडे गॅस गीझर आहे,” मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बारावीचा पोरगा बल्बमधून ध्वनी निघतो म्हणाला तर मीही तसाच बघेन.

“गाडीतला हो!”

“गाडीतला? नांदेडात गाडीतला हीटर कशाला लागतो मामा?”

“लागत न्हाई म्हून तर अडकतो! सिमल्याकडं कामून अडकंल? तिकडं रोज वापरतेत.”

पुढे भिंतीवरून हप्त्याहप्त्याने माझं शिक्षण झालं. डॅशबोर्डच्या पोटात एक लहान जाळी असते. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातून फिरतं, मागून पंखा वारा मारतो, तो तापून आत येतो. मामांच्या भाषेत हे “रेडिएटरचं लेकरू”. लेकराच्या नळ्या काडीएवढ्या बारीक. त्यात बोअरचं जड पाणी गेलं की क्षार धरतो, गाळ बसतो आणि वारा गार यायला लागतो. पुराव्यासाठी मामांनी एक ॲल्युमिनियमचं पातेलं खास जपून ठेवलं होतं. बोअरचं पाणी तापवून तापवून त्याच्या तळाला बोटभर पांढरा थर चढलेला. पाहुण्यांना लोक घरातले फोटो दाखवतात, मामा पातेलं दाखवायचे.

“ह्याला रोज घासलं तरी हे हाल. जाळीला कोण घासायलंय?”

त्यांची पथ्यंही ठरलेली. बाराही महिने, आठवड्याला दहा मिनिटं हीटर लावायचा, म्हणजे पाणी फिरतं राहतं. दोन वर्षांनी सगळं पाणी काढून नवं कूलंट भरायचं, तेही आरओच्या पाण्यात. “बोअरचं न्हाई, नळाचं न्हाई, तीर्थ बी न्हाई.” हे तीर्थाचं कलम कुणीतरी नव्या गाडीच्या रेडिएटरमध्ये भक्तिभावाने तांब्याभर तीर्थ ओतल्यानंतर वाढवलेलं होतं.

तपासणीची रीत तर बघण्यासारखी. बॉनेट उघडायचं आणि इंजिनाकडून जाळीकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांवर दोन हात ठेवून डोळे मिटायचे. “दोन्ही गरम, म्हंजे जितं हाय. एक गरम एक थंड, म्हंजे अडकलं.” अडकलं असेल तर दोन्ही नळ्या काढून, पाणी जिथून बाहेर पडतं तिथूनच उलटं आत सोडायचं. आधी चहासारखं येतं, मग निवळत जातं. धार मात्र बारीक हवी. “जोर न्हाई लावायचा सर. म्हातारं माणूस असल्यावानी धुवायचं.”

आता आपल्याकडे एवढा खटाटोप करतो कोण? मेकॅनिक सरळ दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून जाळीला वाटेतून काढून टाकतात. याला म्हणतात बायपास. तरुणपणी मामांनीच अर्ध्या नांदेडच्या हीटरची बायपास केली होती. आणि म्हातारपणी तेच मामा घरोघर फोन करून ती उलगडून देत सुटले होते. एकदा त्यांनी एका व्यापाऱ्याच्या घरी फोन लावला. उचलला त्यांच्या मंडळींनी.

“ताई, तुमच्या मालकाची बायपास बारा वर्षांखाली म्याच केलती,” मामा म्हणाले. “ती चुकलीच. आता उघडून पुन्हा पैल्यासारखं करून देतो. अर्ध्या घंट्याचं काम हाय. दारातच करू, पाना-पक्कड म्या घेऊन येतो.”

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी अर्धापूरहून नातेवाईक जमले होते, हातात केळ्यांचे घड घेऊन. व्यापारी दुकानातून हसतखेळत घरी आला तेव्हा बायका त्याला धरून रडल्या. मामांना यात विनोद काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. हीटर मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन जोडून दिला.

एवढं वेड लागायला कारण होतं. कारणाचं नाव आक्का.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. जळकोटला दिलेली, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. आई गेल्यावर इरबाला तिनेच वाढवलं. मामांचं लग्न राहून गेलं. “तिनं बघितली ती मला नगं, म्या बघितली ती तिला नगं. असं करता करता दोघं बी म्हातारे झालो,” असं ते सांगायचे आणि आक्का आतून म्हणायच्या, “तू कवा बघितली रे?”

उतारवयात आक्कांची दोन्ही मूत्रपिंडं बसली. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. चार तास अंगातलं सगळं रक्त मशिनीतून धुऊन परत आत जायचं. त्यासाठी डॉक्टरांनी आक्कांच्या डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. मामा म्हणायचे, “डॉक्टरनं बी बायपासच केली.” त्या जागी हात ठेवला की कातडीखाली सतत एक थरथर लागायची. आक्का गल्लीतल्या बायकांना मोठ्या हौसेने हात धरायला लावायच्या, “बघ, माझ्या हातात इंजन हाय.” मीही एकदा धरून पाहिला होता. थरथर माझ्या बोटांत बराच वेळ राहिली.

डायलिसिस झालं की आक्कांना हुडहुडी भरायची. दात वाजायचे. पहिल्या दिवशी, डिसेंबरात, मामांनी त्यांना गाडीत बसवलं आणि हीटरचं बटण फिरवलं. आक्का म्हणाल्या, “इरबा, गार वारं यायलंय रे.” मामांनी गाडी बाजूला घेतली. आपल्या गाडीची बायपासही आपणच, आपल्याच हाताने, कधीकाळी केलेली आहे हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांनी ती त्याच संध्याकाळी उलगडली. जाळी दगड झालेली होती. दोन दिवस उलटं पाणी सोडून त्यांनी ती मोकळी केली. शुक्रवारी गाडीत ऊब आली. त्यानंतर पाच वर्षं, मे असो की डिसेंबर, मंगळवारी-शुक्रवारी मामा घामाने न्हात गाडी चालवायचे आणि दर मैलाला विचारायचे, “ऊब लागायली का?” आक्का शालीतून म्हणायच्या, “हाव.”

गेल्या वर्षी श्रावणाच्या शेवटी आक्का गेल्या.

मामा दिवस घालायला आक्कांच्या सासरी, जळकोटला गेले आणि दिवाळीपर्यंत तिकडेच राहिले. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. “हप्त्याला दहा मिनिटं चालू ठेवा. हीटर लावून. पाणी कमी दिसलं तर इंजन थंड झाल्यावर हे टाका,” असं म्हणून आरओच्या पाण्याचा एक जार माझ्या ओसरीत ठेवला. मी अत्यंत जबाबदारीने दर रविवारी गाडी चालू केली. पाणी खरंच थोडं थोडं कमी व्हायचं, जाळी जुनीच होती. जार मात्र दुसऱ्या आठवड्यात रिकामा झाला, कारण माझ्या बायकोने, सुनीताने, गौरींच्या हळदीकुंकवाला त्याचं सरबत केलं. मग मी अंगणातल्या बोअरला पाइप लावला. पाणी ते पाणी, असं मी स्वतःला सांगितलं. फिजिक्सवाल्याने केमिस्ट्रीत लक्ष घालू नये, असंही सांगितलं. दिवाळीपर्यंत मी त्या गाडीला दर रविवारी बोअरचं पाणी मनसोक्त पाजलं.

मामा परतले. शुक्रवारची फेरी त्यांनी सोडली होती, मंगळवार सुटेना. दर मंगळवारी दुपारी ते रिकामी गाडी घेऊन दवाखान्याकडे जायचे आणि पाचच्या सुमाराला हीटर लावून परत यायचे. आणि मग गल्लीत गोष्टी सुरू झाल्या.

पहिल्यांदा समोरच्या शोभावहिनींनी पाहिलं. मामा गाडी धुवायला काढत होते. पुढच्या डाव्या सीटखालची चटई ओली होती. बाकी सगळी गाडी कोरडी आणि तिथे, पाय टेकतात बरोबर त्या जागी, दोन ओले डाग. वहिनींचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. गाडीतून एक गोडसर वास यायचा, पाक आटत ठेवल्यासारखा. आक्कांचा गुळपाकाच्या लाडवात हातखंडा होता हे कुणाला आठवायचं राहिलं नाही. बायका संध्याकाळी त्या गाडीच्या बाजूने जाईनात. कुणीतरी बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. मामा भडकले. “कोण बांधायलंय रे हे? रंग जायलाय माझा!”

सुनीता मला म्हणाली, “तुम्ही शिकलेले ना? सांगा की काय ते.”

मला ठाऊक होतं की काय ते. गोड वास कूलंटचा. ओली चटई गळक्या जाळीची. घुटुक म्हणजे पाणी कमी झाल्यावर जाळीत अडकलेली हवा. क्षाराने जाळी खाल्ली होती, आणि तो क्षार कुणाच्या अंगणातून गेला हेही मला ठाऊक होतं. हे सगळं गल्लीला समजावून सांगायचं म्हणजे शेवटचं वाक्यही सांगावं लागणार. म्हणून मी, भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता, गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात.” आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं वाक्य दुसरं बोललेलो नाही.

पण मग आली ती मेमधली फेरी. घुटुक म्हणजे हवा, हे मान्य. तरी मामांनी वाटेत तीनदा विचारलं, ‘ऊब लागायली का?’, आणि तिन्ही वेळा, त्यानंतरच, आतून घोट गिळल्याचा आवाज आला. एरवी एकदाही नाही. घरी येऊन मी बराच वेळ पंख्याखाली बसून राहिलो.

श्रावण लागला. आक्कांना वर्ष होत आलं. एका मंगळवारी भुरभुर पाऊस होता आणि मामा मला दवाखान्यात जायच्या आधीच भेटले. मी मागे बसलो. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली, छत्री न घेता उतरले, वळसा घालून आले आणि डावं दार उघडलं. दार धरून उभे राहिले. एवढा वेळ, की अशक्त माणसाला सीटवर टेकून एकेक पाय आत घ्यायला लागेल. मग खाली वाकून दाराच्या फटीकडे पाहिलं. पदर अडकला नाही ना, हे पाहिलं. दार हळूच लावलं. परत येऊन शालीवरचा बेल्ट सारखा केला आणि हीटर सुरू केला.

मी सीटला पाठ चिकटवून बसलो होतो. भर दुपार होती, रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती आणि मला माझ्या पुढच्या सीटच्या मागच्या बाजूला गुडघा लावायची हिंमत होत नव्हती.

रेल्वे फाटकापाशी आलो तेव्हा डाव्या बाजूची काच आतून धुरकट व्हायला लागली. फक्त डावी. ओल्या चटईची वाफ, मी मनात म्हणालो. वाफ खालून वर चढत गेली आणि तिच्यात एक स्वच्छ ठिपका उमटला. बोटाच्या टोकाएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा. मग वरची ओळ. कुणीही काचेला हात लावत नव्हतं. ठिपके एकामागोमाग एक, सारख्या अंतरावर, शांतपणे येत होते. चार ओळी झाल्या आणि थांबले. रांगोळीचे सोळा ठिपके.

“मामा, गाडी थांबवा!” माझा आवाज पोरासोरासारखा निघाला.

मामांनी केळीच्या गाड्यांपाशी गाडी बाजूला घेतली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

“तुमाला बी दिसायलेत? खरंच? मला वाटलं मलाच दिसतेत. डोक्यावर परिणाम झाला म्हून कुनाला बोललो न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. गेल्या श्रावणातल्या आक्कांच्या शेवटच्या मंगळवारी अशीच भुरभुर होती. आक्कांच्या ओल्या लुगड्याने काच धुरकटली. आक्कांनी शालीतून हात काढून बोटाने ठिपके मांडले. एवढ्याने दम लागला. “रेघा शुक्रवारी वढते,” म्हणाल्या. गुरुवारी पहाटे संपल्या. बोटाचं तेल काचेवर राहिलं; तेवढ्या जागी वाफ धरत नाही. ती काच मामांनी वर्षभर पुसली नव्हती, कुणाला पुसू दिली नव्हती.

“पन बघितली बी न्हाई सर. तोंडाची वाफ टाकली असती तरी कळलं असतं. न्हाई टाकली. नसलेच तर, म्हून डर वाटायचा. मग आषाढात एका मंगळवारी आपल्या आपनच आले.”

“मामा,” मी म्हणालो. बोलायची वेळ आलीच होती. “मामा, जाळी गळतेय.”

“चाळीस वर्षं झाळायलो म्या. मला कळंना का?”

“ती माझ्यामुळे...”

“ते बी मालूम हाय. नळी काढून बघितली, पांढरा थर होता. तुमच्या बोअरचा थर म्या लांबून वळखतो.” ते हसले. “रागावू कामून? तुमी बोअरचं पाजलं म्हून जाळी फुटली. फुटली म्हून काच धुरकटली. धुरकटली म्हून ठिपके दिसले. उपकारच झाले की.”

मी चप्पल बघत बसलो. उपकार या शब्दाने मला इतकं कधी टोचलं नव्हतं.

“पण दुरुस्त तर करायला हवी,” मी म्हणालो. “पाणी संपून इंजिन जाईल. काच अशी होते, तुम्हाला रस्ता दिसत नाही.”

“झाळली की काच साफ. मग ठिपके न्हाई दिसनार.” मामांनी गिअर टाकला. “इंजन जाऊ द्या.”

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की या माणसाने काय निवडलंय. नांदेडभर पातेलं दाखवत फिरणारा, दुसऱ्याच्या गळक्या जाळीवर तासभर बोलणारा माणूस स्वतःची जाळी मुद्दाम गळू देत होता. सोळा ठिपक्यांसाठी. आणि मला त्यांना चूक म्हणवेना.

पुढच्या मंगळवारी मी होऊन त्यांच्या गाडीत बसलो, मागे. एकट्याला सोडवेना. पाऊस होताच. दवाखान्याच्या फाटकाशी मामा उतरले, डावं दार उघडलं आणि धरून उभे राहिले.

झाडाखाली पन्नाशीची एक बाई उभी होती. डोक्यावरून टॉवेल, डाव्या हाताला कोपरापाशी पांढरी पट्टी. ती थरथर कापत होती. समोर एक म्हातारा माणूस दार उघडून अदबीने उभा आहे, हे तिने पाहिलं. आपल्याकडे असं दार उघडून धरलं तर माणूस काय समजेल? ती सरळ चालत आली.

“लई उपकार झाले दादा. स्टँडपस्तोर सोडा, अर्धापूरला जायचंय,” असं म्हणत तिने सीटबेल्टखालची शाल ओढून काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि बसली.

मामा दार धरून तसेच उभे. काय झालंय ते त्यांना कळत नसावं. मग सवयीने ते खाली वाकले. दाराच्या फटीत या वेळी खरंच पदर लोंबत होता. हिरवा, ओला. मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग दोन बोटांनी उचलून तो आत ठेवला आणि दार लावलं.

गाडी निघाली. हीटर पूर्ण सोडलेला. बाईचे दात वाजत होते, मला मागे ऐकू येत होते. रेल्वे फाटकाशी मामांच्या तोंडून ते वाक्य सवयीनेच निघालं, “ऊब लागायली का?”

“न्हाई हो दादा,” ती म्हणाली. “गार वारं यायलंय.”

मामांचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. पाणी गळून गळून इतकं कमी झालं होतं की वर जाळीपर्यंत पोचतच नव्हतं. डॅशबोर्डच्या आत सगळं गप्प होतं. आरशात मला त्यांचे डोळे दिसले आणि मी नजर वळवली.

बाईच्या ओल्या साडीने काच धुरकटायला लागली. ठिपके आले, एकामागोमाग एक, तसेच. बाई कापत कापत बघत होती. तिला भीती वाटली नाही. घाबरायचं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

“कुनी मांडलेत हो? आन् असेच सोडले?” ती म्हणाली. “ठिपके उघडे ठेवू न्हाईत.” शालीतून हात काढून तिने बोट टेकवलं आणि रेघ ओढली. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, तिथून वळसा घेऊन खाली. बोट थरथरत होतं, तरी रेघ चुकली नाही. मामांनी गाडी कडेला घेऊन उभी केली होती. शेवटची रेघ पहिल्या ठिपक्याला मिळाली. कमळ झालं होतं.

स्टँडला न सोडता मामांनी तिला थेट अर्धापूरपर्यंत पोचवलं. येताना ते एकच वाक्य बोलले. “आक्काला बी कमळच काढायचं असंल का हो सर?”

“कमळच,” मी म्हणालो. मला काय माहीत? पण मी तसं म्हणालो.

बुधवारी सकाळी त्यांनी अंगणात डॅशबोर्ड सगळा खोलला. मला पाइप धरायला बसवलं, शिक्षा म्हणून. जाळी हातात घेऊन मी उलटं पाणी सोडत होतो आणि पांढरे पापुद्रे निघत होते. “हे तुमचं,” मामा प्रत्येक पापुद्र्याला म्हणत होते. “हे बी तुमचं.” शोभावहिनी फाटकातून बघत होत्या, आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं, क्षार माझ्याच बोअरचा या शेवटच्या वाक्यासकट. पाणी निवळल्यावर मामांनी भोक झाळलं, जाळी बसवली, आरओच्या पाण्यात कूलंट मिसळून भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं आणि आतली सगळी हवा काढून टाकली. मग माझे हात धरून दोन नळ्यांवर ठेवले. दोन्ही गरम होत्या. डावी काच मात्र त्यांनी पुसली नाही.

पुढच्या मंगळवारी कॉलेजच्या फाटकाशी गाडी आली. मी सवयीने मागच्या दाराकडे गेलो, तरी मामा म्हणालेच, “मागं बसा सर, म्होरं जागा न्हाई.”

पुढे अर्धापूरच्या बाई बसल्या होत्या, शालीत. आत भट्टी पेटलेली. चटई कोरडी, काचेवर वाफ नाही; पलीकडचा रस्ता, झाडं, ओली दुकानं सगळं दिसत होतं. माझा शर्ट पाठीला चिकटला.

“ऊब लागायली का?” मामांनी विचारलं.

“हाव दादा,” बाई म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. पण गाडी लगेच काढली नाही. इंजिन चालू ठेवून, डॅशबोर्डकडे थोडं झुकून, ते अजून क्षणभर थांबले. मीही मागे कान देऊन थांबलो. आतून ‘घुटुक’ आलं नाही. मग त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.